दसरा काढताना

घट बसायच्या आधीच्या आठवड्यात आमच्या घरात एक अंथरूण कोरडं सापडायचं नाही. भूम तालुक्यातलं गाव, माळवदाचं ऐसपैस घर. त्यात आजी, आई, मधली काकू, धाकटी काकू आणि विशीतच विधवा होऊन माहेरी परतलेली आत्या. सख्ख्या-चुलत मिळून आम्ही सहा बहिणी. पितरांचा पंधरवडा सरत आला की वाकळा, घोंगड्या, पोती, दांडीवरचं धडुतं न् धडुतं बैलगाडीत घालून सगळ्याजणी नदीवर जायचो. याला आमच्याकडे ‘दसरा काढणं’ म्हणतात. भिजलेली वाकळ उचलायला चौघी लागायच्या, पिळायला सहाजणी. दुपारी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. काठावरच्या खडकांवर, बाभळींवर वाकळा वाळत पडल्या की लांबून जत्रा भरल्यासारखं दिसायचं.

आम्ही बहिणी एकत्र जमलो की तो दिवस बोलण्यात आल्याशिवाय राहत नाही. कोण पाण्यात पडली, कुणाचं पैंजण वाहून गेलं, आजीने कुणाला धपाटा घातला. पण वय वाढत गेलं तशा त्या दिवसातल्या दोन गोष्टी आम्हाला वेगळ्या दिसायला लागल्या. आई धुण्याच्या दगडापाशी कधी उकिडवी बसायची नाही. वाकळा पायाने तुडवायचं काम ती मागून घ्यायची आणि दिवसभर उभी असायची. आम्हाला वाटायचं, तिला ते काम आवडतं. आणि शेवटची दोन-तीन वर्षं आत्या सगळ्यांच्या खालच्या अंगाला, वाहत्या पाण्याच्या उताराला एकटीच धूत बसायची. तिच्याजवळ एक लहान गाठोडं असायचं. त्याला ती कुणाला हात लावू द्यायची नाही.

त्या घरात वर्षाच्या कामांचा हिशेब चुकत नसे. मृगाच्या आधी माळवदावर पांढरी माती पडलीच पाहिजे, नाहीतर पावसात घर गळतं. उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढायचा. कल्हईवाला येऊन गेल्याशिवाय पितळी पातेल्यात ताक घालायचं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळायचे, खूर बघायचे, एखाद्याच्या मानेला साधी गाठ दिसली तरी आजोबा त्याला घेऊन ढोरांच्या डॉक्टरकडे चालायला लागायचे. बैल बोलत नाही म्हणून त्याच्याकडे आपण बघायचं असतं, हे त्यांचं म्हणणं. घरातल्या पाच बायांसाठी मात्र असा वर्षाचा दिवस कुणी नेमलेला नव्हता.

बाईच्या अंगाकडे लक्ष जायचं ते बाळंतपणात. तेव्हाचा सव्वा महिना मात्र खरा लाडाचा असायचा. बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, अंगाला तेल. आजी स्वतः पोट बांधून द्यायची. सव्वा महिना संपला की बाई पुन्हा चुलीपुढे, आणि तिचं अंग पुन्हा पदराआड. पुढच्या बाळंतपणापर्यंत तिथे काय चाललंय हे कुणी विचारायचं नाही. मुलं होणं थांबलं की तो सव्वा महिनाही संपला. उरलेल्या तीस-चाळीस वर्षांत त्या शरीराचं कुणाशी काही देणंघेणंच नाही, असं सगळं घर धरून चालायचं.

आमच्या बायकांच्या बोलीत या दुखण्यांना नावं नव्हती. होता तो एकच शब्द, अंग. अंगावरून पांढरं जातंय. अंगावरून लाल जातंय. अंग खाली येतंय. अंगात कणकण आहे. आणि या सगळ्यावरचा उपायही त्याच शब्दातला होता, अंगावर काढायचं. काढता काढता ते अंगवळणी पडायचं. मी आता त्रेसष्ट वर्षांची आहे आणि मला वाटतं, आमच्या आधीच्या पिढीचं निम्मं आयुष्य या चार-पाच वाक्प्रचारांत गेलं.

आत्याची पाळी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेली. पाच-सहा वर्षांनी पुन्हा लाल जायला लागलं. तिला वाटलं, उष्णता. रात्री धने भिजत घालून सकाळी ते पाणी प्यायची, सब्जा घ्यायची. विधवा बाई, या वयात लुगड्याला डाग, कुणाला सांगणार? म्हणून ते गाठोडं. म्हणून ते उताराला बसणं. शेवटी कंबर इतकी धरली की उठता येईना, तेव्हा माझ्या वडिलांनी तिला एसटीने बार्शीला नेलं. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता आणि तो आजूबाजूला पसरला होता. रेडिएशनची ‘लाईट’ दिली, रक्त चढवलं. १९८६ च्या उन्हाळ्यात ती गेली. जाण्याआधी आईला म्हणाली, “वहिनी, मला वाटलं जाईल आपोआप. लाज वाटली गं सांगायची.”

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक थेंब जरी दिसला तरी त्याच आठवड्यात तपासून घ्यायचं असतं, एवढं एक वाक्य त्या घरात कुणाला माहीत असतं तर! दर वेळी तो कॅन्सरच असतो असं नाही, बहुतेकदा नसतोच. पण नाही हे ठरवायचं काम धन्याच्या पाण्याचं नव्हे.

आत्या गेली त्याच्या पुढच्या वर्षी, १९८७ मध्ये, बार्शीत कॅन्सरच्या रुग्णांची नोंद ठेवायचं काम सुरू झालं. खेड्यांसाठीची अशी नोंदणी भारतात त्याआधी कुठेच नव्हती. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या गावांत माणसं फिरायला लागली, बायकांना गोळा करून कोणती लक्षणं दिसली तर दवाखान्यात यायचं हे सांगायला लागली. आमच्या भागातल्या बायकांना होणाऱ्या कॅन्सरांत गर्भपिशवीच्या तोंडाचा सगळ्यांत पुढे आहे, हे त्या वह्यांतून ठळकपणे पुढे आलं. आत्याचं नाव त्या नोंदीत नाही. ती एक वर्ष आधी गेली.

मधल्या काकूचं नेमकं उलट झालं. तिच्या अंगावरून पांढरं जायचं. कंबर दुखायची. १९८१ च्या सुमाराला, छत्तिसाव्या वर्षी, धीर करून ती एका तालुक्याच्या गावी दाखवायला गेली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. आठ दिवसांत पिशवी काढली. पुढे आमच्यातली एक बहीण नर्स झाली, तिने ते जुने कागद पाहिले. कॅन्सरची तपासणी केल्याची खूण त्यात कुठेच नव्हती. जंतुसंसर्ग असावा, गोळ्यांनी बरा होण्यासारखा. काकूला चाळिशीच्या आतच अंगातून वाफा निघायला लागल्या, झोप उडाली, हाडं ठिसूळ झाली. साठीत पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तरीही ती म्हणायची, “बरं झालं काढली, नाहीतर आत्याबाईंसारखं झालं असतं.”

शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांनी मोठ्या संख्येने पिशव्या काढल्याचं २०१९ मध्ये उजेडात आलं, राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा पेपर वाचताना मला काकू दिसत होती. उसाच्या फडात पाळीचे दिवस म्हणजे खाडा, खाडा म्हणजे पैसे कापणार, आणि त्यात कॅन्सरची भीती घातली की बाई टेबलावर झोपायला तयार होते. ज्या बाईला आपल्या अंगाची माहिती नसते ती काहीच करत नाही, नाहीतर जे सांगितलं जाईल ते सगळं करते. नियमित तपासणीने जीव वाचतो तसा नको असलेला चाकूही टळतो. ही दुसरी गोष्ट फार कमी वेळा बोलली जाते.

आणि आई.

१९८८ मध्ये माझ्या पाठची बहीण सोलापूरला बाळंत झाली. आई तिच्याजवळ दवाखान्यात राहिली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई फेरीला आल्या, बहिणीला तपासलं आणि निघता निघता आईकडे वळून म्हणाल्या, “काकू, तीन दिवस बघतेय, तुम्ही सारख्या उभ्याच असता. बसत का नाही? खाली काही येतंय का?”

आई भिंतीला टेकली आणि रडायला लागली. धाकट्या भावाच्या बाळंतपणानंतर, म्हणजे वीस वर्षांपासून, तिचं अंग बाहेर येत होतं. उकिडवं बसलं की येई, हंडा उचलला की येई. ती फडक्याची घट्ट पट्टी बांधून सैपाक करायची, शेतात खुरपायची, नदीवर वाकळा तुडवायची. लघवीला जायला त्रास व्हायचा म्हणून पाणी कमी प्यायची. वीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. तिच्या सासूने नाही, नवऱ्याने नाही, आम्ही लेकींनीही नाही. एका परक्या बाईला तिसऱ्या दिवशी जे दिसलं ते आम्हाला जन्मभर दिसत होतं आणि आम्ही त्याला आईची सवय म्हणत होतो.

पुढच्या महिन्यात तिथेच ऑपरेशन झालं. गोव्यात शिरोड्याला जन्मलेले डॉ. विठ्ठल शिरोडकर यांनी या दुखण्यावरच्या शस्त्रक्रियेत कितीतरी आधी मोठं काम करून ठेवलं होतं. गर्भपिशवीच्या तोंडाला घालायचा त्यांचा टाका तर १९५५ पासून जगभर गाजत होता. ते ज्ञान मुंबईत होतं आणि आमची आई पट्टी आवळत होती. त्या वर्षी दसरा काढताना ती धुण्याच्या दगडापाशी उकिडवी बसली. धाकट्या काकूने बघितलं आणि काही न बोलता तिच्या हातात साबण दिला.

डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेल्या अभ्यासाबद्दल मी नंतर वाचलं. तो १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्यांनी फक्त तक्रार असलेल्या बायकांना नव्हे, गावातल्या सगळ्याच बायकांना बोलावलं. ६५० जणी तपासल्या. शंभरातल्या ५५ जणींनी तक्रार सांगितली. दुखणं सापडलं ते शंभरातल्या ९२ जणींना. सरासरी काढली तर एकेका बाईला साडेतीनहून जास्त आजार. आणि त्याआधी आयुष्यात कधी अशी तपासणी झालेल्या शंभरात फक्त आठ. हे आकडे वाचून मी पुस्तक मिटलं आणि आमचं घर मोजलं. पाच बाया, दुखण्याआधी तपासणी झालेली तोवर एकही नाही. ५५ आणि ९२ मधलं जे अंतर आहे ना, त्यात आमच्या आईसारख्या बायका आहेत. त्यांना ‘तक्रार आहे का’ विचारलं तर त्या नाहीच म्हणणार. म्हणून तक्रार होईपर्यंत थांबायचं नसतं.

धाकटी काकू या सगळ्यांत नशिबाची. घर वाटून झालं होतं, काका उस्मानाबादच्या पुढे एका गावी मास्तर होते. २००१ च्या सुमाराला त्या गावात नर्सताई दारोदार आल्या. तीस ते एकोणसाठ वयाच्या बायकांनी तपासणीला यावं म्हणून बोलावत होत्या. काकूला काही होत नव्हतं. पण आत्या डोळ्यांपुढे होती, म्हणून ती गेली. आतून छोट्या ब्रशने नमुना घेतला, मुंगी चावण्याएवढंही दुखलं नाही म्हणायची. काही दिवसांनी निरोप आला, पुन्हा या. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात दुर्बिणीतून पाहिलं. कॅन्सर नव्हता, पण पुढे होऊ शकेल असा बदल होता. तो भाग तिथल्या तिथे गोठवून टाकला. संध्याकाळच्या एसटीने काकू घरी आली आणि तिने भाकऱ्या केल्या.

तिला माहीत नव्हतं, पण ती पुढे जगभर वाचल्या गेलेल्या एका मोठ्या अभ्यासात सामील झाली होती. टाटा मेमोरियल, बार्शीचं रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १,३१,७४६ बायकांवर तो केला. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे ३४,००० बायकांना एकदा, फक्त एकदाच, एचपीव्ही विषाणूच्या तपासणीचं बोलावणं होतं. त्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरने ३४ जणी गेल्या. ज्या सुमारे ३१,५०० जणींना तपासणीचं बोलावणं नव्हतं, त्यांच्यातल्या ६४ गेल्या. त्या चौसष्ट जणी आमच्याच जिल्ह्यातल्या. कुणाच्या तरी आत्या, कुणाच्या तरी आया. काकू आता पंचाहत्तरीची आहे आणि अजून लोणचं तिच्याच हातचं लागतं.

हा रोग रातोरात येत नाही. विषाणूची लागण झाल्यापासून कॅन्सर होईपर्यंत साधारण पंधरा ते वीस वर्षं जातात. एवढी मुदत तो देतो. त्या मुदतीत एकदा कुणी नीट पाहिलं तरी पुष्कळ होतं. आणि तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांमागे अशी तपासणी कधीही झालेल्या दोघीसुद्धा भरल्या नाहीत.

धाकट्या काकूची हकिकत घरात कळल्यावर आम्ही सहाजणींनी ठरवलं. २०१० पासून दसरा काढायच्या आठवड्यात आम्ही तपासणीला जातो. बार्शी, लातूर, सोलापूर, पुणे, जिथे ज्या असतील तिथे. गेल्याचा फोन एकमेकींना करायचा आणि जी टाळेल तिला बाकीच्या पाचजणी फोन करणार. नातीगोती सांभाळायची कला आम्हाला येतेच, ती इथे वापरली.

पहिल्या वर्षी मी घाबरले होते. आत गेले तर डॉक्टरबाईंनी आधी नुसतं बोलायला बसवलं. पाळी कशी होती, कधी गेली, लघवीला जळजळ होते का, खोकताना थेंब सुटतात का, घरात कुणाला कॅन्सर होता का. मग रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन, साखर. छाती हाताने तपासली, घरी कसं बघायचं ते दाखवलं. मग आतली तपासणी, पाच मिनिटं. पॅप चाचणी दरवर्षी लागत नाही. ती साधारण तीन वर्षांनी, एचपीव्हीची केली तर पाच वर्षांनी. सरकारी दवाखान्यात तीस ते पासष्ट वयात दर पाच वर्षांनी सौम्य व्हिनेगर लावून पिशवीचं तोंड बघतात, त्याला पैसे पडत नाहीत. कोणती चाचणी कधी, हे वय आणि आधीचे अहवाल बघून डॉक्टर ठरवतात. सरसकट दरवर्षी सगळ्या चाचण्या कुणी करायला लावल्या तर का म्हणून विचारावं, आम्ही विचारतो. दरवर्षी हवी असते ती भेट, आणि ते विचारणं.

२०१७ मध्ये चार नंबरच्या बहिणीच्या छातीत हरभऱ्याएवढी गाठ बाईंच्या हाताला लागली. तिला स्वतःला कळली नव्हती. ऑपरेशन झालं, लाईट झाली, आज ती नातवाला शाळेत सोडायला जाते. दुसरीचं हिमोग्लोबिन सात निघालं, ती दोन वर्षं जिना चढताना लागणाऱ्या धापेला वय म्हणत होती. माझं बहुतेक वर्षी काही निघत नाही. काही निघालं नाही हे ऐकायलाच मी जाते.

आमच्या लेकींना आमच्याएवढं समजवावं लागत नाही. नातींच्या वेळी तर लसही आहे. पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली एचपीव्हीची लस २०२३ मध्ये बाजारात आली. मुलगी नऊ ते चौदा वर्षांची असताना ती द्यायची. पुढे तिशीनंतरची तपासणी मात्र लस घेतलेलीलाही चुकत नाही, हे आम्ही त्यांच्या आयांना बजावून सांगतो.

२०२२ साली घट बसले त्याच दिवशी, २६ सप्टेंबरला, राज्य सरकारने ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ हे बायकांच्या तपासणीचं अभियान सुरू केलं. गावी राहणाऱ्या धाकट्या बहिणीने गल्लीतल्या अकराजणींना जीपमध्ये बसवून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. मुहूर्त मला फार आवडला. नावाबद्दल एवढंच वाटतं की घर सुरक्षित झालं नाही तरी बाई सुरक्षित असली पाहिजे. आमच्या आत्याला घर नव्हतं, मूल नव्हतं, जीव होता.

आता नदीला पाणी नाही, वाकळाही फारशा उरल्या नाहीत. यंदा तुम्ही चादरी-अभ्रे यंत्रात टाकाल, त्या दिवशी आपल्या तपासणीची तारीख घेऊन टाका. आणि आईला, सासूबाईंना, एकट्या राहणाऱ्या आत्याला, घरी कामाला येणाऱ्या मावशींना बाजूला बसवून विचारा, “खाली काही त्रास होतो का?” पहिलं उत्तर ‘नाही’ असंच येईल. तरी तिथून उठू नका. पुन्हा एकदा विचारा.